कार्ड, फोन आणि सातवी ब : वर्गातल्या चाचणीच्या नोंदी

१२ जून

वर्गात कुठलं तंत्रज्ञान वापरून बघायचं यावर पहिली बैठक झाली. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच काहीतरी आहे. कुणाला व्हीआर हेडसेट हवेत, कुणाला रोबोट, मुख्याध्यापकांना "एआयचं काहीतरी" पाहिजे कारण सगळीकडे तेच चाललंय. गणिताच्या मॅडम शेवटपर्यंत गप्प होत्या आणि मग म्हणाल्या, मला फक्त एवढंच कळायला हवंय की मी शिकवत असताना मागच्या बाकांवरच्या मुलांना नेमकं काय कळलेलं असतं. सगळे हसले. माझ्या मते अख्ख्या बैठकीत कामाचं वाक्य तेवढंच होतं.

संध्याकाळी जुनं वाचत बसलो. एडिसन १९१३ मध्ये म्हणाला होता की शाळेतली पुस्तकं आता लवकरच जाणार, सगळं सिनेमातून शिकवता येईल. मग रेडिओ आला, टीव्ही आला, १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ स्किनरचं शिकवणारं यंत्र आलं, १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची कॉम्प्युटरवरची शिकवणी सुरू झाली, आणि दरवेळी बोलायची भाषा तीच, फक्त डबा वेगळा.

आकडे बघायचे तर दोन अभ्यास शेजारी ठेवून बघावेत. पेरूत सरकारने मुलांना लॅपटॉप वाटले, ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. मुलामागे कॉम्प्युटरचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं आणि गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. उलट दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास, ६१९ मुलं, कुणाला ते मिळणार हे सोडत काढून ठरवलेलं, साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन (मुलांचे गुण किती पसरलेले असतात त्याचं माप) इतकी वाढ. स्क्रीन दोन्हीकडे होती. पण दिल्लीत पोरगं सातवीत असलं तरी त्याला जमतं तिथून, म्हणजे अगदी चौथीच्या गणितापासूनसुद्धा, सुरुवात करून देत होते, आणि सोबत छोट्या गटाला शिकवणारा माणूसही होता. त्यामुळे "तंत्रज्ञानाने फायदा होतो का" हा प्रश्नच मी यादीतून काढून टाकला, त्याला उत्तर नाही.

१७ जून

साधनांच्या यादीला कात्री. अटी ठरवल्या: तासाच्या सुरुवातीची मांडामांड पाच मिनिटांच्या आत व्हायला हवी, एखादं यंत्र बंद पडलं तरी तास चालू राहायला हवा, आणि आमच्यापैकी कुणी वर्गात नसताना शिक्षकाला एकट्याला चालवता यायला हवं. या तीन अटींत हेडसेट गेले (पुसायचे, चार्ज करायचे, कुणाला गरगरतं), रोबोट गेले, टॅब्लेटची ट्रॉली तर पहिल्याच अटीत गेली कारण वाटायला आणि परत मोजून घ्यायलाच अर्धा तास जातो.

उरलं ते दोन गोष्टींवर आलं. एक, प्रत्येक मुलाच्या हातात छापील कार्ड, त्यावर चौकोनी काळी-पांढरी नक्षी, कार्ड कुठल्या बाजूला फिरवून धरलं त्यावरून अ, ब, क, ड यापैकी उत्तर ठरतं आणि शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवून सगळी उत्तरं एकदम टिपतात. मुलांना ना फोन लागतो ना लॉगिन. दोन, विज्ञानाच्या सरांसाठी फोनमधले सेन्सर वापरून प्रयोग. एआयचं काय असं मुख्याध्यापकांनी विचारलंच. प्रश्न तयार करायला वापरून बघू म्हटलं, त्यांचंही समाधान आणि आम्हालाही कळेल.

२४ जून

आज नुसतं नेटवर्क. वर्गात उभं राहून मोजलं तर २.४ गिगाहर्ट्झवर शेजारपाजारचे इतके वायफाय दिसतात की विचारू नका, आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ असे तीनच. तीस टॅब्लेट एकदम व्हिडिओ मागायला लागले असते तर काय झालं असतं याचा अंदाज आला. कार्डांच्या पद्धतीत वर्गातला एकच फोन नेटला जोडलेला लागतो हे आता आणखीच बरं वाटतंय.

मुलांची नावं कार्डांच्या ॲपमध्ये टाकायची नाहीत असं ठरलं. फक्त कार्डाचा नंबर. कुठला नंबर कुणाचा ते मॅडमच्या वहीत, कागदावर. पालकांना पत्र जाईल, त्यात काय गोळा करतोय आणि सत्र संपल्यावर ते पुसून टाकणार हे साध्या शब्दांत.

१ जुलै

आजची नोंद लांब होणार, कारण मला वाटतं खरं काम इथेच आहे.

कार्डांची कल्पना आमची नाही हे उघड आहे. हार्वर्डमध्ये एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक १९९० च्या सुमारास असं शिकवायला लागले: मध्येच एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपापलं उत्तर द्यायचं, बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असली तर शेजाऱ्याशी वाद घालायला सांगायचं आणि पुन्हा उत्तर घ्यायचं. त्याहून कमी असली तर परत शिकवायचं, जास्त असली तर पुढे जायचं. कोलोरॅडो विद्यापीठातल्या एका अभ्यासात (२००९) असंही दिसलं की गटात सुरुवातीला कुणालाच बरोबर उत्तर माहीत नसलं तरी बोलण्यातून मुलं बरोबर उत्तराला पोचतात. म्हणजे एक हुशार पोरगं सांगतं आणि बाकीचे री ओढतात एवढंच ते नाही.

पण हे सगळं प्रश्न चांगला असेल तर. मॅडम दशांश अपूर्णांक घेणार आहेत, म्हणून चॅटबॉटला सांगितलं "सर्वात मोठी संख्या कोणती" छापाचे प्रश्न दे. धडाधड दिले की. ०.९, ०.७, ०.५, ०.२. हा प्रश्न कुणाला चुकणार? चुकलाच तर त्यातून कळणार काय?

मॅडमनी खडू घेतला आणि फळ्यावर ०.६, ०.४५, ०.१२५ लिहिलं. म्हणाल्या, ज्याला वाटतं जास्त आकडे म्हणजे मोठी संख्या तो ०.१२५ म्हणेल, कारण १२५ मोठे. छान, तो सापडला. पण काही मुलांचं उलटं असतं, त्यांना वाटतं दशांश हा शतांशाहून मोठा असतो म्हणून कमी आकड्यांची संख्या कायम मोठी. ते ०.६ म्हणणार. आणि ०.६ तर बरोबर उत्तर आहे! म्हणजे ज्याला काहीच कळलेलं नाही त्याला आपण शाबासकी देऊन मोकळे. मग त्यांनी ते पुसून ०.३, ०.६२ आणि ०.५१८ लिहिलं. आता आकड्यांची लांबी बघणारा ०.५१८ धरेल, उलटा विचार करणारा ०.३ धरेल, आणि ०.६२ वर तोच येईल ज्याला स्थानिक किंमत कळलीय. एकाच प्रश्नात तिघे वेगळे.

दशांशांबद्दलचे हे दोन्ही गैरसमज संशोधनात नीट नोंदलेले आहेत. मॅडमना ते वाचून नाही, वह्या तपासून माहीत होते. चॅटबॉटला मग हे दोन्ही गैरसमज सविस्तर समजावून प्रश्न मागितले तेव्हा बरेच बरे आले, तरी मध्येच एक असा आला की त्याने बरोबर म्हणून दाखवलेला पर्यायच चूक होता. तर नियम असा ठरला की मशीन कच्चा माल देईल, पण प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे "हा कोण निवडेल आणि का" हे मॅडमनी एका ओळीत लिहायचं. लिहिता नाही आलं तर पर्याय बाद.

८ जुलै

सातवी ब मध्ये पहिला तास. मुद्दाम सोप्या वाटणाऱ्या प्रश्नाने सुरुवात केली: ८ + ४ = □ + ५. पर्याय ७, १२, १७ आणि "सांगता येत नाही". हा प्रश्न जुना आणि प्रसिद्ध आहे, बरोबरच्या चिन्हाचा अर्थ "आता उत्तर लिही" असा घेणारी मुलं १२ म्हणतात, आणि दिसतील तेवढे सगळे आकडे मिळवणारी १७. मॅडमना वाटत होतं सातवीत कशाला कोण चुकतंय.

कार्डं वर झाली, फोन फिरला, पडद्यावर पट्ट्या आल्या. १२ ची पट्टी सगळ्यात उंच. मॅडम दोन सेकंद काहीच बोलल्या नाहीत. मग उत्तर न सांगता म्हणाल्या, "शेजारच्याला पटवून दे बघू." असा कालवा झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. खिडकीजवळच्या एका मुलाने बाकावर दोन्हीकडे खोडरबर ठेवून तराजूसारखं दाखवायला सुरुवात केली, त्याच्या शेजारणीने त्याला मध्येच थांबवून विचारलं, "मग डावीकडे बारा आहेत तर उजवीकडे पण बाराच पाहिजेत ना, पाच आधीच आहेत की." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलंय. दुसऱ्या वेळी कार्डं वर झाली तेव्हा ७ ची पट्टी वर गेली होती. सगळी नाही, पण गेली होती.

मांडामांडीला वेळ लागला नाही. पडद्यावर उन्हाची तिरीप येते, पडदा फळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवायचा.

१५ जुलै

बारीकसारीक. कार्डं टिकावीत म्हणून काहींनी चकचकीत प्लास्टिक लावून आणलं, त्यावर ट्यूबलाइट चमकते आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसतच नाही, तेव्हा जाड साधा कागदच बरा. बोटं नक्षीवर येतात, कडेला धरा म्हणून सारखं सांगावं लागतं. मागच्या रांगेला कार्ड डोक्याच्या वर धरायला सांगितलं तर पुढच्यांची झाकत नाहीत.

एक गोष्ट कार्डवाल्यांनी फार हुशारीने केलीय. प्रत्येकाची नक्षी वेगळी आणि अक्षरं एकदम बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं कार्ड बघून आपलं फिरवता येत नाही. पोरांनी अर्थात पहिल्याच आठवड्यात प्रयत्न करून पाहिला.

२२ जुलै

आजपासून तुलना. "तंत्रज्ञान विरुद्ध काहीच नाही" अशी तुलना करायची नाही यावर मी अडून बसलो होतो, कारण प्रश्न विचारणं, वाद घालणं, परत विचारणं हेच जर फायद्याचं असेल तर श्रेय उगाच फोनला जाईल. म्हणून सातवी ब मध्ये कॅमेऱ्याची कार्डं आणि सातवी अ मध्ये घरी केलेली साधी पुठ्ठ्याची अ-ब-क-ड कार्डं, छातीशी धरायची, मॅडम नजरेने अंदाज घेतील. प्रश्न तेच, मॅडम त्याच. दशांशांचं प्रकरण असं, आणि पुढचं समीकरणांचं प्रकरण अदलाबदल करून, म्हणजे एक तुकडी मुळातच हुशार असली तरी हिशोब बिघडणार नाही. मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना प्रश्न सांगतात त्याला इलाज नाही, शक्यतो लागोपाठचे तास ठेवलेत.

असा प्रयोग आधी झालेला आहे. २००८ मध्ये नॅथॅनियल लॅस्री यांनी कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर क्लिकर (बटण दाबून उत्तर द्यायचं हातातलं यंत्र) आणि साधी कार्डं अशी तुलना केली होती आणि शिकण्यात फरक आढळला नाही. विज्ञानाचे सर म्हणाले मग आपण परत कशाला करताय. सातवीची पोरं आहेत म्हणून, आणि दुसरं म्हणजे मला गुणांपेक्षा मॅडम दुसऱ्या दिवशी काय वेगळं करतात ते बघायचंय.

५ ऑगस्ट

विज्ञानाच्या सरांचा तास, ध्वनीचा वेग. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, आखेनच्या तांत्रिक विद्यापीठातून २०१६ मध्ये आलेलं, त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच असतं. दोन फोन ५ मीटर अंतरावर ठेवायचे. पहिल्या फोनपाशी एकाने टाळी वाजवायची, दोन्ही घड्याळं सुरू, पण लांबचं जरा उशिरा कारण आवाजाला तिथे पोचायला वेळ लागतो. मग दुसऱ्या फोनपाशी टाळी, दोन्ही बंद, पण आता पहिलं उशिरा. दोन घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला १० मीटर जायला लागलेला वेळ. दोन टाळ्यांच्या मध्ये किती वेळ गेला याने काहीच फरक पडत नाही, आणि हे मुलांना पटवण्यातच निम्मा तास गेला, तो गेला ते बरंच झालं.

वर्गात जमेना. कुणी बाक सरकवला की घड्याळ सुरू, कुणी खोकलं की बंद. घड्याळ चालू-बंद व्हायला लागणाऱ्या आवाजाची मर्यादा वाढवली, तरी नाही. शेवटी सगळे बाहेर मोकळ्यावर गेलो आणि फरक आले ०.०२९, ०.०३१, ०.०२८ सेकंद. म्हणजे वेग ३४५, ३२३, ३५७ मीटर प्रति सेकंद. पुस्तकात २० अंश तापमानाला ३४३. एका मुलीने विचारलं, "सर, मग आपलं चूक का पुस्तकाचं?" सरांनी झकास केलं, उत्तर दिलंच नाही, तिलाच सांगितलं की ०.००१ सेकंद इकडचा तिकडे झाला तर वेग कितीने बदलतो ते काढ. तिने काढलं, बारा-तेराने, आणि मग स्वतःच म्हणाली की फोन आणखी लांब ठेवायला पाहिजेत.

या तासाला मी पैकीच्या पैकी देईन. इथे फोनशिवाय ही गोष्ट झालीच नसती, मिलिसेकंद मोजायला शाळेत दुसरं काय असतं. फोन दोनच लागले, सरांचा आणि माझा.

१९ ऑगस्ट

अपूर्वाई ओसरली. आधी कार्डं वाटायला पोरं धावायची, आता "मॅडम, आज पण?" असं चालू झालंय. मला हेच हवं होतं, नवलाईच्या दिवसांत मोजलेलं काहीच खरं नसतं.

मॅडमच्या वहीतलं दोन तुकड्यांचं पान शेजारी ठेवून बघितलं. वर्गात काय घडतं त्यात फरक जवळजवळ नाही, पुठ्ठ्याच्या कार्डांवरही त्यांना एका नजरेत कळतं की वर्ग दुभंगलाय, वाद तसेच रंगतात. फरक नंतर पडतो. सातवी ब च्या ॲपमधल्या नोंदी संध्याकाळी उघडल्या तर कार्ड नंबर १७ सलग वेगवेगळ्या प्रश्नांत कमी आकड्यांची संख्या निवडतंय. अगदी ठरवून निवडल्यासारखं. मॅडमनी वही काढून बघितलं तर ती मुलगी वर्गात कायम दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर, व्यवस्थित, वह्या पूर्ण, गुण बरे. मागच्या बाकांची काळजी करत होतो आणि ही समोरच बसलेली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला मधल्या सुट्टीत बोलावून संख्यारेषेवर ०.३ आणि ०.६२ ठेवायला सांगितलं. दहा मिनिटांचं काम होतं.

सातवी अ मध्ये अशी कुणी असेल तर ती अजून तशीच असणार. पुठ्ठ्याचं कार्ड खाली गेलं की उत्तर गेलं.

दुसरी बाजूही लिहून ठेवतो. या नोंदी रोज संध्याकाळी बघायच्या म्हणजे मॅडमचा वेळ, आणि तो कुठल्याच वेळापत्रकात नाही. गेल्या आठवड्यात पेपर तपासणी होती तेव्हा त्यांनी एकदाही उघडल्या नाहीत, आणि त्या आठवड्यात ब ची महागडी कार्डं आणि अ ची पुठ्ठ्याची कार्डं यात काडीचाही फरक नव्हता.

९ सप्टेंबर

दोन्ही प्रकरणांच्या चाचण्या झाल्या, अदलाबदलही झाली. गुण इतके जवळ आहेत की एवढ्याशा मुलांवरून इकडे जास्त तिकडे कमी म्हणणं बरोबर नाही, आणि मी तसं म्हणणार नाही, अहवालात आलेख कितीही छान दिसला तरी. मुख्याध्यापक जरा हिरमुसले. त्यांना "अमुक टक्के वाढ" असं एक वाक्य हवं होतं.

मॅडमचं मत मात्र ठाम आहे आणि मला पटतं. रोज पुठ्ठ्याची कार्डं, त्यांना फोन नको, नेट नको. कॅमेऱ्याची कार्डं प्रकरण सुरू करताना एकदा आणि संपवताना एकदा, म्हणजे नोंदी बघायला दोनच संध्याकाळी लागतील आणि त्या खरंच बघितल्या जातील. फोनचे प्रयोग सरांकडे, पुढे दोलक आणि घर्षण घ्यायचंय.

भाषेच्या मॅडमनी विचारलंय की त्यांच्या विषयात असे पर्याय निघतील का. व्याकरणात निघतील, कवितेच्या आस्वादात मला शंका आहे, चार पर्यायांत कविता बसवायला गेलं तर कविताच जाते. बघू, त्यांनी दोन प्रश्न करून आणायचं कबूल केलंय.

प्रश्नांची फाइल आता बरीच मोठी झालीय, प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे मॅडमची ओळ आहे. तिच्याकडे वर्षभर कोण बघणार ते ठरलेलं नाही. मॅडमचा आठवड्याला एक तास कमी करून तो या कामाला द्या असं मुख्याध्यापकांना लिहून दिलंय. नवीन यंत्र मागितलं असतं तर पटकन मिळालं असतं असं वाटतं, तास मिळणं अवघड. उत्तर आलं की पुढची नोंद.